मदत हवी आहे: सामना जिंकलो, पण प्रेस लागला की संघाची घडी विसकटते

कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाला मी शिकवते. कालचा सामना जिंकलो. रिबाउंडला, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडण्यात, तर तोड नव्हती. शॉट सुटला की प्रत्येक मुलगी आधी समोरच्या खेळाडूला पाठीने अडवत होती, मगच चेंडूकडे वळत होती. या एका गोष्टीवर आम्ही खूप घाम गाळलाय, म्हणून फार समाधान वाटलं.

काळजी वेगळीच आहे. चौथ्या क्वार्टरमध्ये समोरच्यांनी फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे आमच्या बास्केटपासूनच मैदानभर अंगावर येऊन अडवायला लागल्या, आणि आमचं सगळं विसकटलं. ८ सेकंदांत मध्यरेषा ओलांडायची, या घाईत आमची पॉइंट गार्ड (चेंडू वर आणणारी खेळाडू) ड्रिबल करत साइडलाइनला जाते, तिथे दोघी तिला घेरतात आणि मग तिचा उंच, लांब पास थेट त्यांच्याच हातात. मधे पास घ्यायला कुणी येतच नाही. त्यात तिचे ४ फाउल झालेले! पाचवा होऊन ती बाहेर गेली असती तर चेंडू वर आणणारी दुसरी कुणी तयार नाही.

आमच्या सेंटर खेळाडूला मधे उभं करून तिच्यामार्फत प्रेस मोडावा का? ती उंच आहे, पास छान देते, पण ड्रिबल कच्चं आहे. की दुसरी गार्डच घडवावी? पुढचा सामना आठ दिवसांवर आलाय. कुणी सरावात हे बसवलं असेल तर नेमकं कसं, ते कृपया सांगा.