युरोपातील संशोधन धोरण : प्रदेश, राष्ट्र आणि संघ यांचा मेळ नेमका कुठे अडतो?

धोरणजिज्ञासू
युरोपीय संघाच्या कार्यप्रणालीविषयक कराराच्या कलम 181 नुसार संघाने आणि सदस्य राष्ट्रांनी आपापल्या संशोधनकार्यात समन्वय राखून दोन्ही स्तरांवरील धोरणे परस्परसुसंगत ठेवायची असतात. 2000 साली लिस्बन येथे ‘युरोपीय संशोधन क्षेत्रा’ची, म्हणजे संशोधक आणि ज्ञान यांच्या मुक्त संचाराच्या सामाईक क्षेत्राची, कल्पना मान्य झाली, 2002 साली बार्सिलोना येथे संशोधनावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 3 टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरले, आणि तरीही ते लक्ष्य संघाला आजवर गाठता आलेले नाही. समित्या आणि करार एवढे असूनही धोरणांचा मेळ बसत नाही, याचे मूळ कायद्यात आहे, पैशात आहे की प्रदेशांच्या प्रशासनात? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कलमवाचक
आपण कलम 181 चा उल्लेख केलात, पण त्यासोबत त्याच करारातील कलम 4 मधील तिसरा परिच्छेदही वाचायला हवा. संघाने संशोधनाच्या क्षेत्रात आपला अधिकार वापरला तरी त्यामुळे सदस्य राष्ट्रांचा अधिकार वापरण्याचा मार्ग बंद होत नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे येथे कोणी कोणाला आज्ञा देऊ शकत नाही. एकमेकांची धोरणे तपासणे, तुलना करणे आणि मन वळवणे एवढेच हाती उरते. पैशाची बाजूही याला पूरकच आहे. 2021 ते 2027 या काळासाठी ‘होरायझन युरोप’ या संघाच्या संशोधननिधी कार्यक्रमाची मूळ तरतूद सुमारे 95.5 अब्ज युरो असली, तरी युरोपीय मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष मारिओ द्रागी यांच्या 2024 च्या अहवालानुसार युरोपातील सार्वजनिक संशोधनखर्चापैकी जेमतेम एक दशांश संघाच्या पातळीवर होतो. उरलेला पैसा ज्यांच्या तिजोरीत आहे, त्यांचे प्राधान्यक्रम त्यांच्या मतदारांकडे पाहूनच ठरणार.

प्रदेशाभ्यासक
वरील विवेचन मला मान्य आहे, परंतु ‘राष्ट्र’ हा एकसंध घटक मानला की चित्र चुकते. जर्मनीत विद्यापीठे प्रामुख्याने घटकराज्यांच्या अखत्यारीत येतात आणि तेथे राज्यघटनेच्या कलम 91ब च्या आधारे संघराज्य सरकार व घटकराज्ये 2008 पासून एका संयुक्त परिषदेत निधीचे निर्णय घेतात. पोलंडमध्ये राष्ट्रीय धोरणाखेरीज सोळाही प्रांतांची स्वतःची ‘स्मार्ट स्पेशलायझेशन’ धोरणे, म्हणजे आपल्या बलस्थानाची मोजकी क्षेत्रे निवडून त्यांवर भर देण्याची धोरणे, आहेत. असे धोरण तयार असल्याखेरीज संघाच्या प्रादेशिक विकास निधीतून संशोधनासाठी पैसे मिळणार नाहीत, ही अट 2014 पासून घातली गेली आणि माझ्या मते समन्वयाच्या बाबतीत कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा ती अधिक परिणामकारक ठरली, कारण तिच्यामुळे प्रदेशांना आपले बलस्थान कोणते हे लेखी मांडावे लागले.

तरीही खरी अडचण कशी उद्भवते, हे ‘सील ऑफ एक्सलन्स’वरून समजते. संघाच्या स्पर्धेत गुणवत्तेची पातळी ओलांडलेल्या, पण पैसे अपुरे पडल्यामुळे वगळल्या गेलेल्या प्रस्तावांना 2015 पासून हे प्रमाणपत्र दिले जाते, जेणेकरून प्रदेशाने आपल्या निधीतून त्यांना आधार द्यावा. कल्पना उत्तम होती. मात्र युरोपीय आयोग, म्हणजे संघाचे कार्यकारी मंडळ, स्वतः अनुदान देतो तेव्हा ते स्पर्धा बिघडवू शकणारी ‘शासकीय मदत’ ठरत नाही, आणि तेच अनुदान प्रदेशाने दिले की स्पर्धाविषयक नियम लागू होतात. परिणामी लघुउद्योगाच्या ज्या प्रकल्पाला संघाकडून खर्चाच्या 70 टक्के रक्कम मिळू शकली असती, त्यालाच प्रदेशाकडून बरेचदा त्याहून कमी वाट्यावर समाधान मानावे लागे, आणि प्रस्तावाची पुन्हा छाननीही होई. जुलै 2021 मध्ये ठराविक प्रकारच्या शासकीय मदतीला आयोगाच्या पूर्वपरवानगीतून सूट देणाऱ्या नियमावलीत दुरुस्ती होऊन अशा प्रकल्पांना संघाचेच निकष लावण्याची मुभा मिळाली. एका कलमाच्या दुरुस्तीला सहा वर्षे लागावीत, ही मला अत्यंत खेदाची गोष्ट वाटते.

धोरणजिज्ञासू
आपण दिलेले उदाहरण फार बोलके आहे. मग 2021 नंतर हा अडसर दूर झाला असे म्हणता येईल का?

कलमवाचक
कायद्यातील अडसर बराचसा दूर झाला, वेळापत्रकाचा नाही. प्रादेशिक निधीचे सामाईक नियम 2021 च्या जूनमध्ये संमत झाले आणि अनेक प्रदेशांचे कार्यक्रम 2022 मध्ये मंजूर झाले, तर होरायझनचे अर्ज त्याआधीच सुरू झालेले होते. प्रमाणपत्र हातात असलेल्या लघुउद्योगाला प्रदेशाची योजना उघडेपर्यंत थांबणे परवडत नाही.

प्रदेशाभ्यासक
यात प्रशासकीय क्षमतेचा प्रश्नही मिसळलेला आहे. बेल्जियममधील फ्लँडर्स किंवा स्पेनमधील बास्क प्रदेशासारख्या ठिकाणी संशोधन-उद्योगांची भाषा जाणणाऱ्या अनुभवी संस्था आहेत. जिथे त्या नाहीत तिथे लेखापरीक्षणाच्या धास्तीने अधिकारी नव्या मुभेचा वापरच टाळतात आणि ओळखीच्या पायाभूत कामांकडे निधी वळवतात. म्हणून प्रमाणपत्रधारकांसाठी वर्षभर खुली राहणारी, फेरछाननी न करणारी योजना प्रत्येक प्रदेशाने ठेवावी, आणि ती चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च त्याच निधीतील तांत्रिक साहाय्याच्या तरतुदीतून करावा, असे मी आग्रहाने सुचवेन.