शनिवारचा रोबॉटिक्स वर्ग: वाचनालयातल्या मुलींना बोलवायचं का?

सुनील:
वाचनालयात येणाऱ्या चार कृष्णवर्णीय मुलींना इथल्या, अमेरिकेतल्या आपल्या मराठी मुलांच्या रोबॉटिक्स वर्गाला बोलवावं, हा मेधाचा प्रस्ताव वाचला. हेतू चांगलाच आहे. पण आपला वर्ग कुणालाच बंद नाही. कृष्णवर्णीय मुलींसाठी वेगळं आमंत्रण कशाला? गोडी असेल तर मूल आपोआप येतं.

मेधा:
सुनीलकाका, नमस्कार.

गोडी असलेली मुलं येतात, पण टिकत नाहीत. माझा प्रश्न टिकण्याचा आहे. किंबर्ली ब्रायंट या कृष्णवर्णीय बाई स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनिअर. मुलीला कॉम्प्युटरची आवड म्हणून त्यांनी तिला उन्हाळी शिबिराला पाठवलं. तिथे मुली मोजक्याच आणि कृष्णवर्णीय मुलगी ही एकटीच. तिच्या आवडीत काय कमी होतं? त्यातूनच ब्रायंट यांनी २०११ साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘ब्लॅक गर्ल्स कोड’ ही कृष्णवर्णीय मुलींना प्रोग्रॅमिंग शिकवणारी संस्था सुरू केली.

गणितज्ञ यूरी ट्रीझमन यांचं काम तर प्रत्येक पालकाने वाचावं. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठातले अनेक कृष्णवर्णीय विद्यार्थी गणिताच्या कॅल्क्युलस या विषयात मागे पडत. कारणं ठरलेली सांगितली जात: जिद्द नाही, शाळा कच्ची, घरच्यांचं लक्ष नाही. ट्रीझमन यांनी मुलांचा दिनक्रम जवळून पाहिला आणि यातलं एकही कारण खरं ठरेना. मुलं कष्टाळू होती, पण बहुतेक जण एकेकटे अभ्यास करत. चिनी-अमेरिकन विद्यार्थी मात्र एकत्र बसून गणितं सोडवत, एकमेकांच्या चुका काढत. मग ट्रीझमन यांनी कच्च्या मुलांचे जादा तास घेतले नाहीत. नेहमीपेक्षा अवघड गणितं गटाने सोडवायच्या कार्यशाळा घेतल्या, आणि निकाल पालटला. काका, हॉस्टेलवरच्या तुमच्या रात्रीच्या अभ्यासाच्या गोष्टी आम्ही सगळ्यांनी ऐकल्या आहेत. तो गट तुम्हाला न मागता मिळाला होता.

बाल्टिमोरजवळच, यूएमबीसी या विद्यापीठात, १९८८ पासून विज्ञान-इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी मेयरहॉफ शिष्यवृत्ती आहे. पैशांबरोबर तिथे गटाने अभ्यास आणि लवकर प्रयोगशाळेत काम मिळतं. कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ किझ्मेकिया कॉर्बेट तिथूनच २००८ साली पदवीधर झाल्या. मॉडर्नाच्या कोविड लशीमागच्या संशोधनात त्यांचा मोठा वाटा आहे.

म्हणून म्हणते, एकीला नको, चौघींना एकदम बोलवूया. आणि त्यांच्या हाती पोस्टर रंगवायला देऊन प्रोग्रॅमिंग आपल्या मुलांनी करायचं, असं होता कामा नये. पहिल्या दिवसापासून लॅपटॉप त्यांच्यापुढे हवा. रोबो भिंतीवर आदळला तर तो सगळ्यांचाच आदळतो, हे मोठ्या मुलांनी त्यांना सांगायचं.

ईशा:
मेधामावशी, मी याच वर्गात वाढले, आता कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकतेय. शिकवायला नक्की येईन.

पण त्याआधी पालकांशी बोलावं लागेल. ‘तो भाग बरा नाही’, ‘त्या मुलांपासून जरा जपून’ हे आपल्याच गाड्यांमध्ये मराठीत बोललं जातं. मी ते ऐकत मोठी झाले. शब्द कळले नाहीत तरी बाराव्या वर्षी मुलीला नजर कळते. मग आम्ही वर्गात कितीही गोड वागलो तरी ती पुढच्या शनिवारी येणार नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. जोतीरावांचा फोटो आपण कार्यक्रमात लावतो, तर निदान हे बोलणं थांबवूया.

सुनील:
मेधा, ट्रीझमन यांच्याबद्दल वाचून काल बराच वेळ विचार करत होतो. पटलं. ईशा, पालकसभा घेऊया, आणि मराठीतच घेऊया, म्हणजे सगळे मोकळेपणाने बोलतील.

आणखी एक. वर्ग भरतो आमच्या बेसमेंटमध्ये. अनोळखी कुटुंबाने आपल्या मुलीला आमच्या घरी सोडून जावं, ही अपेक्षा बरोबर नाही. वर्गच वाचनालयात नेऊ. चार मुलींना तिथली सवय आहे, नवखी असतील ती आपली मुलं. किट आणि टेबल न्यायला माझी व्हॅन आहे. खोलीचं वाचनालयात कोण विचारतंय?