आईच्या खांद्याचं ऑपरेशन : पहिले दीड महिने घरी कसे काढायचे? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

पुढच्या आठवड्यात कोल्हापुरात आईच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन आहे. वय 59, शुगर आहे. आम्ही करवीर तालुक्यातले, दारात दोन म्हशी. पावसाळ्यात गोठ्यात पाय घसरून ती हातावर पडली. आधी चोळून घेतलं, मग लेप, त्यातच चार महिने गेले. एमआरआय काढला तेव्हा कळलं, रोटेटर कफचा (खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या गटाचा) एक स्नायूबंध हाडापासून पूर्ण तुटलाय. फळीवरचा डबा घ्यायचा तर डाव्या हातानं उजवा हात उचलून फळीवर ठेवते आणि बोटांनी डबा पुढं ओढते. बघवत नाही. आंबाडा माझी बायको घालून देते.

डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून करू, हाडात अँकर (टाके धरून ठेवणारा बारीक खिळा) बसवून स्नायूबंध परत शिवू. दीड महिना हात पट्ट्यात, तीन महिने वजन उचलायचं नाही. ओपीडीत गर्दी होती, पुढचं विचारायचं राहिलं. रात्री झोपवायचं कसं? अंघोळ, कपडे? आणि खरी काळजी अशी की मोठी म्हैस आईच्या हाताशिवाय पान्हवत नाही. जरा बरं वाटलं की आई बादली घेऊन गोठ्यात जाणार, हे मला आत्ताच दिसतंय. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद (इचलकरंजीहून) :

दादा, माझं हेच ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं. मानेजवळ इंजेक्शन देऊन हात बधिर करतात, त्यामुळं पहिला दिवस सोपा जातो. ते उतरलं की कळ येते, आणि माझं नेमकं मध्यरात्री उतरलं. गोळी कधी सुरू करायची ते घरी सोडायच्या आधीच विचारून ठेवा, कळ यायची वाट बघू नका. झोप आडवी होत नाही. पाठीमागं उशा रचून अर्धवट बसल्यासारखं झोपायचं, कोपराखाली घडी केलेला टॉवेल. मी असे पाच आठवडे काढले. ब्लाऊज विसरा, पुढून बटणांचे सैल गाऊन शिवून घ्या. घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना शेवटी. काख धुवायला पुढं वाकून हात सैल लोंबता सोडायचा, उचलायचा नाही. बोटं आणि मनगट मात्र पहिल्या दिवसापासून हलवायची.

शुगर आत्तापासून आटोक्यात आणा. शुगर असली की जखम चिघळायची भीती जास्त, खांदाही जास्त आखडतो. ताप आला, जखमेतून पू आला, पोटरी सुजली किंवा धाप लागली तर लगेच डॉक्टरांना गाठा.

दुखणं कमी होतं सहा-सात आठवड्यांनी, पण टाका तेव्हा कच्चाच असतो. धोका तिथं आहे. मला वाटलं झालं बरं, आणि पाण्याची कळशी उचलायला गेले, सासूबाईंनी हात धरला म्हणून वाचले. धार काढायला पिळायचा जोर लागतो, ते डॉक्टर सांगतील तेव्हाच, तीन महिन्यांच्या आत तर नाहीच. पूर्ण ताकद यायला मला वर्ष लागलं. म्हशीचं म्हणाल तर तुमच्या मिसेसना आजपासून आईंच्या शेजारी धारेला बसवा, आईंचं जुनं लुगडं अंगावर घेऊन. वासानं म्हैस ओळखते.

मूळ लेखक :

ताई, लई आभार. आज संध्याकाळच्या धारेला दोघी बसल्या होत्या. म्हशीनं एकदा लाथ झाडली, पण अर्धा लिटर निघालं.