मदत हवी आहे: अल्फा ०.४३ च्या वर जातच नाही

रानजाई
नमस्कार. वाणिज्य शाखेत पीएचडी करतेय. डेटाचा क्रोनबॅक अल्फा (प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) ०.४३ येतोय. गाईड सर म्हणाले, ०.७ च्या खाली असेल तर चौथं प्रकरण घेऊन येऊच नका. सोमवारी सहामाही प्रगती अहवाल द्यायचाय. कोणते प्रश्न उडवले की अल्फा वाढतो, याची काही युक्ती आहे का? एसपीएसएस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर वापरतेय. प्लीज लवकर सांगा, दोन रात्री झोप नाही.

आकडेमोड्या
पोटात दुखतंय एवढंच सांगून औषध मागितल्यासारखं झालं हे. विषय काय? प्रश्न किती? नमुना किती? अल्फा अख्ख्या प्रश्नावलीचा काढलाय की एकाच पट्टीचा (एकच गोष्ट मोजणाऱ्या प्रश्नांच्या संचाचा)? मागे एकाने वय, मुलांची संख्या आणि फॉर्मचा अनुक्रमांकसुद्धा अल्फात घातला होता, म्हणून विचारतो.

तिरकस
'अल्फा इफ आयटम डिलीटेड' (तो प्रश्न काढला तर अल्फा किती होईल) असा रकाना येतो तो बघायचा. ज्याने अल्फा वाढतो तो प्रश्न उडवायचा. परत चालवायचं, परत उडवायचा. आमच्या एमबीएच्या प्रोजेक्टला २० प्रश्नांतले ७ उरले होते. कुणी विचारलंसुद्धा नाही.

सई_एम
@तिरकस, असल्या सल्ल्यांमुळेच व्हायव्हाला लोक रडतात. ७ प्रश्न उरले म्हणजे तुम्ही जे मोजायला गेला होतात ते उरलं का?
@रानजाई, रिव्हर्स कोडिंग केलंय का? नकारार्थी प्रश्न असतील तर त्यांचे गुण उलटवावे लागतात, ५ चे १, ४ चे २.

रानजाई
अनुक्रमांक वगैरे घातलेला नाही हो, एवढं कळतं. विषय बचत गटातल्या महिलांचं आर्थिक सक्षमीकरण, पाटण आणि कराड तालुका. एकच पट्टी, १२ विधानं, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत असे ५ पर्याय. नमुना ३८४. रिव्हर्स कोडिंगची गरजच नाही, सगळी विधानं सकारात्मक आहेत. आणि पायलटला, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणी पाहणीला, ०.७८ आला होता! म्हणूनच डोकं फिरलंय.

पुणेरी_टोपी
३८४! वाणिज्य शाखेचा राष्ट्रीय आकडा. क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० साली नमुना किती घ्यावा याचा तक्ता काढला आणि आपल्याकडच्या निम्म्या प्रबंधांची सोय लावून गेले. गटातल्या बायकांना गटागटाने गाठलं असणार, म्हणजे साधा यादृच्छिक नमुना नाहीच. मग ३८४ ला अर्थ काय, हे कधी कुणी सांगत नाही.

रानजाई
टोपीकाका, नमुना आरआरसीने (विद्यापीठाच्या संशोधन समितीने) मंजूर केलाय. माझा प्रश्न अल्फाचा आहे.

स्वच्छंदी_आर
एसपीएसएस सोडा. जमोवी घ्या, तेही आकडेवारीचंच सॉफ्टवेअर, फुकट आहे, आतून आर ही संगणकभाषा चालते. अल्फाच्या शेजारी मॅकडोनाल्डचा ओमेगाही, म्हणजे त्याच कामाचा दुसरा आकडा, एका टिचकीत मिळतो. १९५१ च्या अल्फाला किती दिवस चिकटून बसणार? सगळे प्रश्न सारख्याच ताकदीने एकच गोष्ट मोजतात असं अल्फा गृहीत धरतो, जे प्रत्यक्षात क्वचितच असतं.

आकडेमोड्या
अल्फा ०.४३ असेल तर ओमेगा काही ०.८ येणार नाही. ताप आलाय आणि तुम्ही थर्मामीटर बदलायला सांगताय. रानजाई, 'करेक्टेड आयटम-टोटल कोरिलेशन' (प्रत्येक प्रश्न बाकीच्यांच्या बेरजेशी किती जुळतो) हा रकाना इथे टाका. उणे चिन्ह कुणाला आहे?

रानजाई
४, ७, ९ आणि ११ ला उणे आहे. बाकी आठांचं ०.३ ते ०.५ आहे.

सई_एम
बघा! चारही उणे म्हणजे ते उलट धावतायत. उलटवून बघा.

रानजाई
उलटवले. ०.६६ झाला!! पण विधानं सकारात्मकच आहेत, मग का उलटवले म्हणून सरांना काय सांगू?

तिरकस
काही सांगू नका. अजून एक उडवा, ०.७ होईल. पार्टी कधी?

आकडेमोड्या
थांबा, अहवालात काहीही घालू नका. कारण न कळता उलटवणं म्हणजे उत्तर बघून गणित जुळवणं. ती चार विधानं जशीच्या तशी इथे लिहा. मराठीत विचारली तशी.

यशस्वी_भव
ताई, सोबत पेपरचंही बघून ठेवा. यूजीसी केअर यादीतल्या (यूजीसीने मान्य केलेल्या) जर्नलमध्ये दोन पेपर लागतात, नाहीतर प्रबंध घेत नाहीत.

सई_एम
ती यादी यूजीसीने २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली. आणि प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती २०२२ च्या नियमावलीतच निघाली. एखादं विद्यापीठ स्वतःचा नियम ठेवत असेल तर तिथे विचारावं. पण हे विचारलंय कुणी?

रानजाई
घ्या.
४. हप्ता भरण्यासाठी मला सावकाराकडे जावे लागत नाही.
७. बँकेत जाण्यासाठी मला घरच्यांची परवानगी घ्यावी लागत नाही.
९. गटाच्या बैठकीत बोलताना मला भीती वाटत नाही.
११. छोट्या खर्चासाठी मला नवऱ्याकडे पैसे मागावे लागत नाहीत.
मूळ पट्टी इंग्रजीत होती, भाषांतर मीच केलं. चारही विधानांना 'सहमत' म्हणजे सक्षमच ना?

गावमामा
पोरी, मी तीस वर्षं जिल्हा बँकेत काढली, त्यातली बरीच गटांची खाती उघडण्यात. तुझं सात नंबरचं विधान एखाद्या मावशीला मोठ्याने वाचून दाखव. "बँकेत जायला घरच्यांची परवानगी घ्यावी लागत नाही." ती काय म्हणेल? "नाही बाई." म्हणजे लागत नाही, म्हणजे सहमत. पण लिहिणाऱ्याने 'नाही' ऐकलं की त्याचा पेन असहमतवर जातो. आणि दुसरी म्हणते "हो, लागते की." तिथे 'हो' ऐकून टिक सहमतवर. दोन्हीकडून उलटं. फॉर्म त्यांनी स्वतः भरले का कुणी विचारून भरले?

आकडेमोड्या
मामा, साष्टांग नमस्कार. आणि पायलट कुणी भरून घेतलं होतं?

रानजाई
पायलटचे ३० फॉर्म मी स्वतः विचारून भरले. मुख्य पाहणीला तिघे होते. मामेबहिणीने ११८ केले, कॉलेजच्या दोन मुलांनी १३३-१३३. त्यांना फॉर्ममागे पैसे ठरवले होते. बायका गोल बसलेल्या असायच्या, हे वाचून दाखवायचे आणि टिक करायचे. बहीण पायलटला माझ्यासोबत हिंडली होती. मुलांना मी फोनवर समजावलं होतं.

सई_एम
आता तिघांचा अल्फा वेगवेगळा काढा. फॉर्मवर कुणी भरला ते लिहिलंय ना?

रानजाई
कोपऱ्यात आद्याक्षरं आहेत. काढते.

निवृत्त_मास्तर
या निमित्ताने आठवलं. त्याच सातारा जिल्ह्यातल्या वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची पाहणी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या काळात पुण्याच्या गोखले संस्थेने केली, १९४० साली प्रसिद्ध झाली. संगणक नव्हता, अल्फा नव्हता. पण शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून एकेक आकडा मिळवलेला. हल्ली दोनशे रुपयांत पोरं पाठवायची आणि विद्यापीठाला अठराव्या दशांशापर्यंत उत्तर द्यायचं.

पुणेरी_टोपी
मास्तर, शंभर टक्के सहमत. किंवा "नाही", जे काय ते.

तिरकस
दोनशे कुठले, आम्हाला पन्नास मिळायचे. चहा आपल्या खिशातून. पाचव्या घरानंतर झाडाखाली बसून मीच सगळ्या बायका व्हायचो.

सई_एम
हे तुम्ही जाहीर धाग्यावर लिहिताय.

रानजाई
बहिणीचे ११८ : ०.७६. मुलांचे: ०.३१ आणि ०.३४. तिघांचेही फॉर्म दोन्ही तालुक्यांत आहेत, त्यामुळे गावाचा फरक नाही. मामा, तुमचे पाय कुठे आहेत?
एका मुलाला फोन केला. म्हणाला, "मॅडम, बाई 'नाही' म्हणाली की मी असहमत करायचो, तुम्हीच तर सांगितलं होतं आपल्या मनाचं काही घालायचं नाही." आता त्याला काय बोलणार!
मग २६६ फॉर्ममध्ये हे चार प्रश्न उलटवले तर चालेल ना? कारण आता माहीत आहे.

स्वच्छंदी_आर
चालेल. दोन ओळींचा कोड आहे, देतो.

आकडेमोड्या
चालणार नाही. 'नाही' म्हणणाऱ्या सगळ्यांच्याच टिका चुकल्या हे तुम्हाला ठाऊक नाही. काही बायका खरंच असहमत असतील आणि मुलाने मध्येच कधीतरी बरोबर लिहिलं असेल. सरसकट उलटवलं तर नवी चूक घालाल. चारही विधानं सगळ्या ३८४ मधून काढा, आठ विधानांचा अल्फा काढा आणि का काढली ते प्रकरण तीनमध्ये स्वच्छ लिहा. आठच प्रश्न उरले तर अल्फा थोडा खाली येऊ शकतो, प्रश्न कमी झाले की तसं होतं.

सई_एम
अर्धं पटतं. पण सावकार, परवानगी, भीती, नवऱ्याकडचे पैसे, हे काढलं तर सक्षमीकरणात उरलं काय? पासबुक आहे का आणि सही करता येते का? त्या चारांतच तर बाईचं घर आहे. माझं मत, मुलांच्या फॉर्ममधल्या काही बायकांना पुन्हा भेटा आणि चारच प्रश्न सरळ करून विचारा. "बँकेत जायला कुणाला विचारता?" आणि गप्प बसा.

आकडेमोड्या
सोमवारच्या अहवालाला?

सई_एम
अहवालात "मापनातील त्रुटी आढळली, पुनर्भेट सुरू" असं लिहिता येतं. आणि ०.७ हा काही देवाने दिलेला आकडा नाही. मानसशास्त्रज्ञ नन्नलींनी १९७८ साली तो सुरुवातीच्या टप्प्यातल्या संशोधनापुरता सांगितला होता. माणसाबद्दल निर्णय घ्यायचा तर त्यांना ०.९ सुद्धा किमानच वाटायचा.

रानजाई
आठ विधानांचा ०.७२ आला. सरांना फोनवर सगळं सांगितलं. आधी अर्धा मिनिट गप्प, मग म्हणाले, "भाषांतर मला का दाखवलं नाही?" दाखवलं होतं, त्यावर त्यांची सही आहे. बोलले नाही.
पुनर्भेटीला हो म्हणाले. एका गटाची बैठक ५ तारखेला आहे, तिथून सुरू करते, या वेळी स्वतः जाऊन. मामा, सात नंबर आता असा केलाय: "बँकेत जायचं तर आधी कुणाला विचारता?" पर्याय: नवरा, सासू, मुलगा, कुणालाच नाही. बरोबर आहे का?

गावमामा
'सांगून जाते' हा पर्याय घाल. बऱ्याचजणी विचारत नाहीत, पण सांगून जातात. आणि सासू शेजारी बसलेली असेल तर तो प्रश्न शेवटी घे.

रानजाई
घातला. 🙏

नवा_सभासद_७७
वरचं सगळं वाचलं नाही, पण अल्फा कमी येत असेल तर नमुना वाढवा. ३८४ घेतलात तर हमखास ०.७ येतो.