५ एचपी मोनोब्लॉक: कागदावर ३० मीटर हेड, टेस्टला १९. बाकीचं जातं कुठे?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. ५ एचपीच्या मोनोब्लॉकसाठी (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर) इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारं पात्यांचं चाक, काढलाय. सेकंदाला १० लिटर, २८८० आरपीएम, बाहेरचा व्यास १३४ मिमी, बाहेरच्या तोंडाची रुंदी ११ मिमी, सहा पाती, टोकाशी कोन २५ अंश. ऑयलरच्या समीकरणाने (टोकाचा वेग आणि पाण्याचा फिरता वेग यांवरून) ३० मीटर हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, येतं. टेस्टला १० लिटरवर जेमतेम १९. मला २१ पाहिजे. सगळे म्हणतात कास्टिंग खडबडीत आहे. कोन ४० करून बघू का?

टेस्टबेड:
कोनाला हात लावू नका, आणि फाउंड्रीवाल्यालाही बोल लावू नका. दोन पात्यांमधलं पाणी इम्पेलरच्या उलट दिशेने घुमू पाहतं, त्यामुळे बाहेर पडताना ते पात्याचा कोन पुरता पाळत नाही, मागे पडतं. ही स्लिप. तुमचेच आकडे घेऊ. टोकाचा वेग सेकंदाला २०.२ मीटर, पाण्याचा फिरता वेग कागदावर १४.८. वीझनरच्या (स्लिप काढायच्या) सूत्राने सहा पाती आणि २५ अंशांना स्लिप येते टोकाच्या वेगाच्या साडेअठरा टक्के, म्हणजे ३.७. उरले ११.१. त्याला २०.२ ने गुणा, ९.८१ ने भागा: २२.९ मीटर. इम्पेलर आणि केसिंग (पंपाचं बाहेरचं कवच) यांमधला तोटा १५ टक्के धरला तर साडेएकोणीस. तुमचा १९ देतोय. पहिल्या इम्पेलरला हे फार चांगलं काम आहे, मनापासून सांगतो.

४० अंशांनी हेड वाढेल, नाही असं नाही. पण हेड आणि पाण्याचा कर्व्ह सपाट होतो, म्हणजे हेड थोडं उतरलं तरी पाणी खूप वाढतं. पावसाळ्यात विहीर भरली की हेड कमी होतं, पंप जास्त पाणी ओढतो आणि मोटर तापते. रिवाइंडिंगचा खर्च शेतकऱ्याच्या डोक्यावर. असला पंप विकूच नये.

व्यास वाढवा. हेड साधारण व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे २१ साठी १४१ मिमी. कास्टिंग १४४ चं घ्या आणि लेथवर टप्प्याटप्प्याने उतरवा. मात्र आधी केसिंगच्या जिभेपाशी, म्हणजे इम्पेलरच्या सगळ्यात जवळ येणाऱ्या कडेपाशी, किती जागा उरते ते मोजा. आणि टेस्टच्या वेळी टॅकोमीटर लावला होता का? व्होल्टेज पडून २८०० झाले असतील तर एक मीटर तिथेच गेला.

साचेवाला:
टेस्टबेड काकांशी सहमत. तरी सहाही तोंडांची रुंदी व्हर्नियरने मोजाच. कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) सरकला की एकीकडे १२, दुसरीकडे १० मिमी निघते. आत चिकटलेली वाळू साफ करा. दोन-चार टक्केच कमी पडत असतील तर पात्याचं टोक आतल्या, खोलगट बाजूने कानशीने घासून पातळ करतात, हेड थोडं वाढतं. बाहेरून घासू नका.

कृष्णाकाठ:
टॅकोमीटर लावला होता, २८७० होते. जिभेपाशी व्यासावर १६ मिमी जागा आहे.

टेस्टबेड:
मग १४१ बसेल, एका बाजूला साडेचार मिमी राहते. तरी जीभ खडखडते का ते ऐका. नव्या टेस्टला व्हॉल्व्ह बंद करूनही एक रीडिंग घ्या, पटकन, पाणी तापू देऊ नका. बंदला हेड बरोबर आणि १० लिटरला घसरत असेल तर वाट अरुंद आहे, साचेवाले म्हणतात तिथे बघा. बंदलाच कमी असेल तर व्यास आणि वेअर रिंगची (इम्पेलरच्या तोंडाशी गळती रोखणारी कडी) फट तपासा. दोन्ही आकडे इथे टाका.