कारवानी कुत्र्यांनी शिकार: ग्रामसभेच्या ठरावात ब्रिटनच्या बंदीचा दाखला चालेल का?

माळकरी (जि. लातूर):
नमस्कार मंडळी. कुत्रे सोडून ससे, खोकड (माळावरचा लहान कोल्हा) मारण्यावर बंदी घालावी, असा ठराव येत्या ग्रामसभेत यायचा आहे. गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो, ब्रिटनने कोल्ह्यांच्या शिकारीवर बंदी घातली, मग आपण का नाही? दुसरा म्हणतो, तिकडे बंदी कागदावरच आहे, शिवाय जानवळकडची कारवानीची पैदास याने बुडेल आणि रानडुकरांचं काय करायचं? तीन प्रश्न आहेत. ब्रिटनचा दाखला द्यावा का? ठरावाला कायद्याने किती जोर? आणि कुत्रे पाळणाऱ्यांना काय सांगायचं?

कलम_नऊ:
आधी ठरावाचं. बंदी १९९१च्या दुरुस्तीपासून आहेच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ने शिकार बंद केली आणि ‘शिकार’च्या व्याख्येत नुसतं मारणं नाही, पाठलाग करणं, हाकून काढणं, फासे लावणं, इतकंच काय, तसा प्रयत्न करणंही त्यात येतं. म्हणजे ससा निसटला तरी गुन्हा होतो. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली, तेव्हा कोल्हा आणि खोकड दोन्ही अनुसूची १मध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत गेले. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. ससा, रानडुक्कर अनुसूची २मध्ये: ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

म्हणून ‘ग्रामसभा बंदी घालते’ असं लिहूच नका. वाचणाऱ्याला वाटेल, आजवर मोकळीक होती. ‘कायद्याची अंमलबजावणी करण्याचा निर्धार’ असं लिहा. गावाने स्वतः दंड ठोकायचा, वाळीत टाकायचं, असलं कलम तर अजिबात नको. २०१६च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात ठराव मांडणारेच अडकतील.

रानडुकराचं वेगळं. पीक खाणाऱ्या रानडुकराला व रोह्याला (नीलगायीला) मारायचा परवाना लेखी मिळतो, त्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. पण परवाना त्या जनावरापुरता असतो. कुत्र्याला परवाना वाचता येत नाही. डुकरामागे सोडला आणि तुरीतून ससा उठला की तो सशामागे जाणार आणि गुन्हा मालकावर. भरपाई हवी असेल तर ठसे ताजे असताना तक्रार द्या, तीन दिवस उलटू देऊ नका. पंचनाम्याआधी शेत नांगरलं की प्रकरण संपलं.

तळटीप:
ब्रिटनचा दाखला द्या, पण अर्धा नको. हंटिंग ॲक्ट २००४चा, अंमल १८ फेब्रुवारी २००५पासून, तोही फक्त इंग्लंड आणि वेल्समध्ये. स्कॉटलंडने २००२मध्येच वेगळा कायदा केला होता. लॉर्ड्स हे वरिष्ठ सभागृह अडून बसलं, तेव्हा त्याचा विरोध डावलू देणारे १९११ व १९४९चे पार्लमेंट ॲक्ट वापरून कॉमन्स या कनिष्ठ सभागृहाने विधेयक पुढे रेटलं. त्याआधी २००२च्या सप्टेंबरात लंडनमध्ये ग्रामीण भागाचा चार लाखांवर लोकांचा मोर्चा निघाला होता. शहर विरुद्ध खेडं, जमीनदार विरुद्ध मजूर पक्ष, असे सगळे राग त्या एका कोल्ह्यावर निघाले.

‘कागदावरच’ म्हणणाऱ्यांचं निम्मं खरं आहे. तिथे शिक्षा फक्त दंडाची, कैद नाही; कुत्री मात्र न्यायालय जप्त करू शकतं. शिवाय २००९मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की नुसतं जनावर हुडकणं म्हणजे शिकार नव्हे आणि हेतू सिद्ध करायला हवा. बंदीनंतर लगेच सुरू झालेलं ‘ट्रेल हंटिंग’ अशाच फटीतून चालतं: जमिनीवर वासाची रेघ ओढायची, त्यावर कुत्रे सोडायचे आणि खरा कोल्हा उठला की अपघात म्हणायचं. स्कॉटलंडने २०२३च्या नव्या कायद्यात हे बंद केलं. इंग्लंडमध्ये मजूर पक्षाने २०२४च्या जाहीरनाम्यात तसं वचन दिलं.

पण एक फरक लक्षात घ्या. तिकडची फॉक्सहाउंड वासावर, मोठ्या टोळीने धावतात. आपला कारवानी नजरेवर धावतो, उघड्या माळावर, एकटा किंवा जोडीने. त्यामुळे आपल्याशी जुळतं ते तिकडचं सशावर कुत्री सोडण्याचं शर्यतीचं प्रकरण. हंटिंग ॲक्टच्याच कलम ५ने ते बंद झालं आणि त्यात कुत्री नुसती सोडण्याचीसुद्धा सूट नाही. ठरावात दाखला द्यायचाच तर तो या कलमाचा द्या.

धसकट:
पाळणाऱ्यांना सांगा, कारवानी पाळायला कसलीच आडकाठी नाही, फक्त धावायला खोटं सावज द्या. पांढरी प्लास्टिकची पिशवी नायलॉनच्या दोरीला बांधायची, दोरी जमिनीलगतच्या कप्प्यांतून (पुलींतून) फिरवायची, ओढायला मोटारीचा स्टार्टर आणि १२ व्होल्टची बॅटरी. ५०० ते ८०० मीटरचा फेरा पुरे. वळणं काटकोनाहून तीव्र ठेवू नका, कुत्र्याचा खांदा उतरतो. पिशवी कुत्र्याच्या दहा-पंधरा मीटर पुढे राहिली पाहिजे. फार पुढे गेली तर नजर सुटते, हाती लागली तर दोरी पायात गुंतून कातडी कापते.

वर्ष-दीड वर्षाच्या आतलं पिल्लू पळवू नये. पोट भरलेलं असताना तर नाहीच, निदान चार-पाच तास आधी खायला देऊ नका. सर्वात जास्त नुकसान जमीन करते: उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, त्यात पाय गेला की हाड मोडतं. तुरीची आणि कापसाची धसकटं पंजात घुसतात. मुरमाड गायरान किंवा ज्वारी काढून वखर मारलेलं रान निवडा. मार्च ते जून सकाळी आठच्या आत उरका. जिभेची कड जांभळी, पाय लटपटले की लगेच सावलीत आणून पोटाला, मांड्यांना पाणी लावायचं आणि डॉक्टर गाठायचा.

आणि गावात रेबीजची लस सगळ्याच कुत्र्यांना द्या, मोकाटांनाही. खोकडाचं बीळ माळावर उघड्यावर असतं, त्याला कुत्र्यांकडून डिस्टेंपर हा साथीचा रोग पण लागतो.

माळकरी:
छान माहिती. कुणी गुन्हा करताना दिसलं, पण त्याने ‘कुत्रा हातातून सुटला’ असं सांगितलं तर?

कलम_नऊ:
तेच नेहमी सांगतात. एक कुत्रा सुटू शकतो. तीन कुत्रे, हातात काठ्या, गाडीत पोतं आणि आजूबाजूला हाका घालणारी माणसं, हे सुटलेलं नसतं. व्हिडिओत हे सगळं एकत्र यायला हवं. मेलेल्या जनावराला हात लावू नका, ते कलम ३९नुसार सरकारी मालमत्ता ठरतं. वन विभागाचा १९२६ लावा, जागेचं लोकेशन सांगा. माणसांना अडवायला जाऊ नका, गाडीचा नंबर पुरतो. आणि माळावरची खोकडाची बिळं जैवविविधता समितीच्या नोंदवहीत आधीच लिहून ठेवा, म्हणजे ‘इथे खोकड नव्हतंच’ म्हणायची सोय राहत नाही. फक्त ती पानं गावभर फिरवू नका.