मदत हवी आहे: रविवारी रांधून फ्रीझरमध्ये ठेवताना काय काय सांभाळता?

नमस्कार मंडळी. आम्ही दोघंही नोकरी करतो, घरी पोचेपर्यंत आठ वाजून जातात. मग बाहेरून मागवलं जातं आणि महिनाअखेरीस तोच आकडा किराण्याला मागे टाकतो. हा खर्च आता थांबवायचाच आहे, म्हणून रविवारी जास्तीचं रांधून ठेवते.

राजमा, छोले, मटकीची उसळ उत्तम राहते. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या पिशवीत भरते. दोन वड्या कढईत टाकल्या की अर्धा स्वयंपाक झाला! हे नक्की करून बघा.

अडतंय ते बटाट्यापाशी. गोठवून काढला की भुसभुशीत होतो आणि रश्शाला पाणी सुटतं. आयत्या वेळी उकडून घालण्याशिवाय काही उपाय आहे का? आणि पोळ्या पूर्ण भाजून ठेवता की अर्ध्या कच्च्या? माझ्या पोळ्यांच्या कडा वातड होतात.

मोठा प्रश्न फ्रिजचा. आमचा सिंगल डोअर आहे. वेगळ्या दाराच्या फ्रीझरमध्ये उणे 18 अंश टिकतं, गच्च भरलेला आणि बंद ठेवला तर वीज गेल्यावरही माल साधारण 48 तास गोठलेला राहतो. आमच्या वरच्या कप्प्याला ते जमत नाही, आइस्क्रीमही मऊ पडतं. अशा कप्प्यात शिजवलेली उसळ तुम्ही किती दिवस ठेवता? की छोटा डीप फ्रीझरच घ्यावा? ज्यांनी घेतलाय त्यांनी वीजबिल किती वाढलं तेही कृपया सांगा.